दोघांचा नेट

या विश्वात नेट लावल्याशिवाय काहीही हालत नाही. ग्रह नाही, तारा नाही, माणूस तर नाहीच नाही, आणि एवढी एक गोष्ट ज्याला कळली त्याला सायन्सचं पुस्तक उघडायचीसुद्धा गरज नाही, असं बब्रुवाननं बाजेवर बसल्या बसल्या जाहीर केलं. जाहीर करून तो उठायला गेला. बाजेचं सुंभ मधोमध सैल पडलेलं होतं आणि कंबर गुडघ्यांच्याही खाली गेली होती. त्यानं एकदा नेट लावला. दुसऱ्यांदा लावला. विश्व जागेवरच राहिलं. शेवटी निकितानं मांडीवरचं पुस्तक खाली ठेवलं, हात दिला आणि बापाला ओढून बाहेर काढलं.

"बगितलंस?" बब्रुवान धोतराचा सोगा झटकत म्हणाला. "लागला का न्हाय नेट?"

"माझा लागला, आप्पा."

निकिता नववीत सायन्सला नापास झाली होती. बाकी सगळ्यांत पास. शाळा सेमी-इंग्रजी होती, म्हणजे गणित आणि सायन्स इंग्रजीतून, उरलेलं मराठीतून, आणि मार मात्र दोन्हींतून सारखाच. जूनमध्ये शाळा उघडायच्या तोंडावर फेरपरीक्षा होती. तिच्यात पास झाली तर दहावी, नाहीतर पुन्हा नववी. आणि नववीत या वर्षी गायत्री येणार होती. गायत्री म्हणजे रणधीरकाकाची पोरगी, एका वर्षानं लहान, भिंतीपलीकडं राहणारी.

या भिंतीवरूनच एक वाक्य अलीकडं आलं होतं. रणधीरची बायको कोंबड्यांना दाणे टाकत होती आणि बोलतही कोंबड्यांशीच होती. आता दोघी एका बाकावर बसतील, तर दोघींत मिळून एकच डबा दिला तरी भागंल, असं तिनं कोंबड्यांना सांगितलं. कोंबड्या काही बोलल्या नाहीत. निकिताच्या आईनं, राजेश्वरीनं, हातातली भाकरी तव्यावर अशी काही आपटली की तिचा पापुद्राच सुटला नाही. निकिता तेव्हापासून पुस्तक घेऊन बसायची ती भिंतीकडं पाठ करून.

शिकवणीला बब्रुवान होता. तो एकेकाळी बारावी सायन्सच्या वर्गात बसलेला होता. गावात या गोष्टीचा उल्लेख 'बसलेला' याच शब्दानं होतो, पुढचं क्रियापद कुणी लावत नाही.

दिवसही शिकवणीचे नव्हते. मे सरत आला होता आणि बोअरची मोटार जळाली होती. बोअर दोघा भावांत एकच, मधल्या बांधावर. एक दिवस याची पाळी, एक दिवस त्याची. मोटार जळाली ती बरोबर सकाळी, पाळी बदलताना, म्हणजे बब्रुवान बटण बंद करायला आणि रणधीर चालू करायला एकाच वेळी बांधावर उभे असताना. त्यामुळं ती कुणाच्या पाळीत जळाली हे ठरेना. बब्रुवानच्या मते ती रणधीरच्या हातून गेली, रणधीरच्या मते ती आदल्या दिवशीच गेली होती, फक्त तिला कळायला सकाळ झाली. तिथून बोलणं बंद. मोटार काढायला माणूस कुणी बोलवायचा यावर आठ-दहा दिवस गेले, आणि तोवर दोघांच्याही मिरच्या सारख्याच सुकत होत्या.

पाणी आणायचं ते गावच्या हौदावरून, ड्रमच्या गाड्यानं. दोन चाकांवर निळा ड्रम आडवा बांधलेला, पुढं लोखंडी दांडा. राजेश्वरी दांड्याला, निकिता मागं. भरलेला ड्रम हौदापाशी हालायलाच तयार नसे. दोघी दात ओठावर दाबून रेटायच्या, पायाखालचा फुफाटा घसरायचा, चपला मागं राहायच्या, आणि एकदाचा गाडा हालला की मग थांबायचं नाव घेत नसे. मानेवरून घाम ओघळून पोलक्यात जायचा. रानात मिरचीच्या प्रत्येक बुडाला तांब्या-तांब्यानं पाणी घालायचं. वाकून वाकून राजेश्वरीची कंबर धरली की ती सरळ उभी राहून आभाळाकडं बघायची; आभाळात काही नसायचं, पण तेवढीच कंबर मोकळी.

बब्रुवाननं पहिला धडा या गाड्यावरच दिला, आणि खरं सांगायचं तर तो चांगला दिला. रिकामा ड्रम घेऊन परत निघताना त्यानं निकिताला गाडा एकटीनं ढकलायला लावला. भरल्या ड्रमला लावतेस तेवढाच जोर लाव, म्हणाला. तिनं लावला. गाडा तिच्या हातातून सुटला, उतारावरून धडधडत गेला आणि शेरडांच्या गोठ्याच्या तुराट्यांच्या ताटव्यात जाऊन घुसला. दोन शेरडं दावं तोडून रणधीरच्या अंगणात गेली, ती तिकडून अबोल्यानंच परत हाकलली गेली. राजेश्वरीनं कपाळाला हात लावला. पण निकिता ताटव्यापाशी उभी राहून म्हणाली, "जोर तेवढाच. मास कमी. म्हनून ॲक्सिलरेशन जास्त."

"हां," बब्रुवान म्हणाला. "आता ताटवा बांदू लाग."

त्या दिवसापासून एफ बरोबर एम ए तिला पाठ करावं लागलं नाही. भरलेला ड्रम म्हणजे मोठा एम. रिकामा म्हणजे लहान. लिंबाखाली बसून ती एकेक गणित सोडवू लागली. किती किलोच्या डब्यावर किती न्यूटन लावले, ॲक्सिलरेशन काढा. ते निघायचं. बब्रुवान शेजारी सुंभ वळत बसायचा आणि गणितात नसलेल्या अडचणी काढायचा. जमीन गुळगुळीत आहे असं समजा, असं पुस्तकात आलं की त्याचे हात थांबायचे.

"कुनाचं रान हाय हे?"

"कुनाचंच न्हाय, आप्पा. समजायचं."

"पुस्तकवाल्याला म्हनावं एकदा पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात ये. मग समजू."

एवढ्यावर भागलं असतं. पण पुढच्या पानावर 'नेट फोर्स' आला.

गणित असं होतं की पन्नास किलोचा एक गाडा आहे. एक मुलगा तो उजवीकडं तीस न्यूटननं ओढतो, दुसरा डावीकडं वीस न्यूटननं. नेट फोर्स किती आणि ॲक्सिलरेशन किती. बब्रुवानला हा शब्द पुस्तकात बघून आनंदच झाला. इंग्रजांनी आपल्याकडून बरंच नेलं, त्यात हाही नेला, असं त्याचं म्हणणं पडलं. नेट म्हणजे नेट. तीस याचा, वीस त्याचा, झाले पन्नास. पन्नास भागिले पन्नास, ॲक्सिलरेशन एक. पुस्तकाच्या मागं उत्तर होतं शून्य पूर्णांक दोन. बब्रुवाननं ते छापणाऱ्याच्या माथी मारलं.

निकितानं वार्षिक परीक्षेतही असंच केलं होतं. बेरीज. तसली सगळी गणितं गेली होती, तीच तिला नडली होती. सर म्हणाले होते, वजा करायचं असतं. का ते सांगायला त्यांना वेळ नव्हता. आप्पा म्हणत, बेरीज करायची असते. आणि का ते तासभर सांगत.

"त्यो डावीकडं ओढायलाय त्याला घाम येत न्हाय का?" बब्रुवान विचारी. "येतोय. मग त्याचा नेट गेला कुठं? जिरला?"

निकिताला ते पटायचं. घाम तर येणारच. तिनं वजा करून उत्तर जुळवून बघितलं, जुळलं. पण बापानं विचारलेलं डोक्यातून जाईना, आणि पुढच्या गणितात पुन्हा हात आपसूक बेरजेकडं गेला. परीक्षा जवळ आली होती. रात्री जेवताना ती घास हातात धरून बसली की राजेश्वरी नवऱ्याकडं बघायची आणि म्हणायची, शिकवा अजून.

अखेर येरमाळ्याहून शंभुलिंग आला. मोटारी काढणारा. त्याला दोन्ही भावांनी वेगवेगळा फोन केला होता आणि तो एकदाच आला होता. त्याच्या पिकअपवर मागं मोटार ओढायचं मशीन, त्याच्यावर ताडपत्री, तिच्यावर टायर, असा सगळा डोंगर. गाडी बब्रुवानच्या रानातून आत आली, येताना मिरचीची एक अख्खी सरी टायरखाली गेली, आणि बोअरपाशी थांबली ती तोंड रणधीरच्या रानाकडं करून.

मोटार दुपारपर्यंत वर आली. काळा पाईप बाहेर येत गेला तसं त्यात साठलेलं पाणी भळाभळा खाली सांडलं. मिरच्यांना आठवडाभर न मिळालेलं पाणी गाडीच्या टायरांना मिळालं. मोटार वर चढवून शंभुलिंगनं गाडी चालू केली, तर मागची दोन्ही चाकं जागच्या जागी फिरली, चिखल उडाला आणि गाडी वीतभर खाली बसली.

शंभुलिंग शांत माणूस होता. त्यानं गाडी बंद केली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाला की ढकलावं लागंल.

बब्रुवाननं धोतर वर खोचलं आणि मागून खांदा दिला. गाडी पुढंच जायला पाहिजे, रणधीरच्या रानातून बाहेर. आपली एक सरी येताना गेलीय, दुसरी जाताना घालवायची नाही, हे त्याच्या मनात पक्कं होतं. रणधीर तोवर आपल्या बाजूनं आला होता. त्यानं गाडीचं तोंड आपल्या मिरच्यांकडं वळलेलं बघितलं, सदरा काढून बांधावर टाकला आणि पुढून बॉनेटला दोन्ही हात लावले. आली त्या वाटेनं जाऊ दे, असं त्याचं. मध्ये ताडपत्रीचा डोंगर. याला तो दिसेना, त्याला हा दिसेना. बोलणं तर बंदच होतं.

"न्यूट्रल ठिवा," मागून बब्रुवान ओरडला.

"न्यूट्रलच ठिवा," पुढून रणधीर ओरडला.

शंभुलिंगनं न्यूट्रल ठेवली. त्याला आरशातून एक भाऊ दिसत होता आणि काचेतून दुसरा. "लावा नेट," तो म्हणाला, आणि तंबाखू मळू लागला.

निकिता बांधावर पुस्तक घेऊन बसली होती. तिथून गाडी आडवी दिसत होती, एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला काका. बब्रुवानच्या पोटऱ्या थरथरत होत्या, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या. रणधीरचा एक पाय चिखलात घोट्यापर्यंत गेला होता आणि तोंड मिरचीसारखं लाल झालं होतं. गाडी जागची हालत नव्हती. थोडं थांबून, श्वास घेऊन, दोघं पुन्हा लागले. दोघंही सारखेच दमले होते, हेही दिसत होतं.

गायत्री बापासाठी चहाची किटली घेऊन आली आणि निकितापासून दोन हात अंतर ठेवून उभी राहिली. पोरींनी बोलायचं नाही असं घरात कुणी सांगितलं नव्हतं, पण बोलायचं असंही नव्हतं. गायत्री बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, ह्येंला सांगायचं का?"

निकितानं पुस्तक मांडीवर मिटलं. ती पुस्तकाकडं बघत नव्हती, गाडीकडं बघत होती. आप्पाला घाम येत होता. काकालाही येत होता. नेट कुठंही जिरला नव्हता. आप्पाचा सगळा नेट काकाला ढकलण्यात चालला होता आणि काकाचा आप्पाला, आणि गाडीच्या वाट्याला काहीच येत नव्हतं.

ती उठली आणि गाडीच्या मागं गेली.

"आप्पा, थांबा. काका फुडनं ढकलायलाय."

बब्रुवान ताडपत्रीला कपाळ टेकून धापा टाकत राहिला. त्याला कळायला थोडा वेळ लागला. "मंजी?" तो म्हणाला. "मग तर हालायला पायजे. नेट तर दोगांचा लागायलाय."

"दोगांचा लागायलाय. पन वजा होयालाय."

शंभुलिंगनं तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवली. खिडकीतून तोंड बाहेर काढून त्यानं सांगितलं की हे त्याला मघाशीच दिसलं होतं, पण तो कुणाच्या भावकीत पडत नाही.

बब्रुवान गाडीला वळसा घालून पुढं गेला. रणधीर बॉनेटला हात लावून तसाच उभा होता, चिखलानं माखलेला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. दोघांनाही काहीतरी बोलायचं होतं आणि दोघांनाही ते आधी बोलायचं नव्हतं. बब्रुवाननं मागं वळून आपल्या रानाकडं नजर टाकली. येताना मोडलेली सरी पडली होती. तिच्या शेजारची उभी होती, सुकलेली पण उभी. मग त्यानं निकिताकडं बघितलं. ती पेन्सिल धरून उभी होती, आता काय होतं ते बघत. बेरीज का वजाबाकी, याचा निकाल आता पुस्तकात नाही, इथं चिखलात लागणार होता.

"भांडन हाय तसं ऱ्हाऊ दे," बब्रुवान रणधीरला म्हणाला. "हिच्या गनितासाठी एवडं करू. सरक जरा."

"कुनीकडं ढकलायची?"

बब्रुवाननं धोतर पुन्हा वर खोचलं. "माज्या रानात."

रणधीर सरकला. दोघांनी पुढून, एकाच बाजूनं, बॉनेटला खांदा लावला. लहानपणी बैलगाडी चढावर अडली की असेच लागायचे. खांद्याला खांदा लागल्यावर दोघांच्याही अंगाला ते आठवलं, तोंडानं कुणी म्हटलं नाही. निकितानं 'आता' म्हटलं. गाडी चिखलातून सपकन सुटली आणि इतक्या ॲक्सिलरेशननं मागं गेली की जोर लावायला समोर काही उरलंच नाही. दोघं भाऊ शेजारी शेजारी तोंडावर चिखलात पडले. गाडी मिरचीची दुसरी सरी घेऊन पार कडेला जाऊन थांबली. शंभुलिंगनं हॉर्न दिला.

"आता बेरीज," निकिता म्हणाली. तिनं ते तिथंच, बांधावर उकिडवं बसून लिहिलं. एकाच बाजूला असले की बेरीज, समोरासमोर असले की वजा. मग तीस-वीसचं गणित काढलं, दहा आले, पन्नासनं भागले. शून्य पूर्णांक दोन. तिनं मागचं उत्तर बघितलं नाही.

बब्रुवान तोंडावरचा चिखल पुसत उठला. छापणाऱ्याबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही. गायत्रीनं चहा ओतला. कप एकच होता, त्यामुळं पहिला कप कुणाला द्यायचा यावर ती अडली. रणधीरनं मानेनं बब्रुवानकडं खूण केली. बब्रुवाननं चहा घेतला आणि चहात साखर जास्त आहे असं सांगितलं. तिथून दोघांचं बोलणं सुरू झालं, तेही पाळीपुरतं.

मोटार नवं वायंडिंग भरून आली, पाणी सुरू झालं. दोन सऱ्या सोडल्या तर मिरच्या वाचल्या. परीक्षेच्या दिवशी राजेश्वरीनं निकिताच्या हातावर दही ठेवलं आणि बब्रुवाननं उपदेश ठेवला. पेपरात गणित आलं होतं रस्सीखेचीचं, एका बाजूनं एवढे न्यूटन, दुसऱ्या बाजूनं तेवढे. निकिताला पेपरात दोर दिसला नाही, ताडपत्री दिसली. तिनं वजा केलं.

निकाल शाळा उघडायच्या दिवशी लागला. पास. दप्तर खांद्यावर घेऊन ती दारात आली तेव्हा बब्रुवान बाजेवर होता. बाज नव्या सुंभानं कसलेली, त्यामुळं तो आता बराच उंच दिसत होता. रणधीर पाळीचं ठरवायला आला होता तो दगडावर बसलेला. राजेश्वरीनं लेकीच्या तोंडावरूनच ओळखलं आणि पदर डोळ्याला लावून चुलीकडं वळली, धुराकडं, म्हणजे नंतर काही सांगावं लागू नये. भिंतीपलीकडं कोंबड्यांना कळवण्यात आलं की आता डबे दोन लागतील.

बब्रुवाननं घसा साफ केला. त्यानं रणधीरला सांगितलं की ही विद्या आपल्याकडं पहिल्यापासून होती, फक्त कुणी विचारत नव्हतं. पुस्तकात शब्द असतात, अर्थ रानात असतो. आता गायत्रीलाही इकडंच पाठव, म्हणाला; गल्लीतली झाडून सगळी पोरं आली तरी लिंबाखाली जागा आहे. जगात सगळे जण नेट लावतात, भाऊ, पण कुठल्या बाजूनं लावायचा हे ज्याला उमगलं त्याच्यासाठी ग्रह काय आणि तारे काय. रणधीर मान हालवत होता. ती ऐकून हालत होती का कंटाळून, हे दगडावर बसलेल्या माणसाचं सांगता येत नाही.

निकिता दप्तर न काढता तशीच उभी होती. बापाचं संपेपर्यंत ती थांबली. मग बाजेपाशी येऊन, काकाला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात म्हणाली,

"आप्पा, तेवडं नेट मारून द्या की मोबाईलला. कालच संपलंय."